गोठलेल्या समुद्राची कुंडली

उत्तर ध्रुवाचे नाव काढले की मराठी वाचकाला पहिली आठवण होते ती लोकमान्य टिळकांची. १९०३ साली त्यांचा 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेदांत वर्णिलेली दीर्घ उषा आणि लांबलचक रात्र यांवरून आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात असले पाहिजे, असा सिद्धांत त्यांनी त्यात मांडला. हा सिद्धांत पुढे विद्वानांनी स्वीकारला नाही. पण त्या ग्रंथामुळे सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र या गोष्टी पुण्या-मुंबईच्या ओट्यावर गप्पांत येऊ लागल्या, हेही काही थोडे नव्हे.

परंतु आज ध्रुवावर जाऊन कोणी बिऱ्हाड थाटायचे म्हटले, तर पहिली अडचण जागेची येईल. दक्षिण ध्रुवावर खाली खंड आहे. उत्तर ध्रुवावर खाली समुद्र आहे. सुमारे एक कोटी चाळीस लाख चौरस किलोमीटरचा हा समुद्र सायबेरिया, कॅनडा, ग्रीनलंड आणि नॉर्वे यांनी चोहोबाजूंनी वेढलेला असून त्याच्यावर बर्फाची एक साय तरंगत असते. साय म्हटले ते मुद्दाम. खाली तीन-चार हजार मीटर पाणी आणि वर दोन-तीन मीटर बर्फ, हे प्रमाण पाहिले तर दुधावरच्या सायीलाही आपला जाडपणा मिरवावासा वाटेल! हिवाळ्याच्या अखेरीस ही साय आसपासच्या समुद्रांत पसरून दीड कोटी चौरस किलोमीटरच्या घरात जाते आणि सप्टेंबरात आक्रसून लहान होते. पृथ्वीचा हा संथ श्वासोच्छ्वास हजारो वर्षे चालू आहे.

या सायीचे पुढे काय होणार, हे आज जगभरची गणकयंत्रे रात्रंदिवस मोजत आहेत. समुद्राचे पाणी, वरचा बर्फ, त्यावरची हवा आणि साऱ्या पृथ्वीचे हवामान यांची एकत्र कुंडली मांडण्याचे हे शास्त्र आहे. त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. कारण तिची सुरुवात एका विजारीपासून होते.

विजारीची साक्ष

१८७९ च्या जुलैमध्ये 'जॅनेट' नावाचे अमेरिकन जहाज ध्रुवाच्या शोधात सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. कप्तान होता जॉर्ज डी लाँग. सप्टेंबरात जहाज बर्फात अडकले, जवळजवळ एकवीस महिने बर्फ नेईल तिकडे वाहत गेले आणि जून १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेस बर्फाच्या कचाट्यात चिरडून बुडाले. तेहतीस जणांपैकी वीस जण परत आले नाहीत. डी लाँग त्या विसांतच होता.

पुढे तीन वर्षांनी, म्हणजे १८८४ मध्ये, पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर एका हिमखंडाला चिकटलेल्या काही वस्तू सापडल्या. त्यांत डी लाँगच्या सहीची अन्नसाठ्याची एक यादी होती आणि लुई नोरोस या खलाशाचे नाव घातलेली एक मेणकापडाची विजार होती. नोरोस स्वतः बचावून केव्हाच घरी पोचला होता. त्याच्या विजारीने मात्र ध्रुवसमुद्र ओलांडण्याचा पराक्रम केला होता!

नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून विचारले, ही विजार तिथे आली कशी? त्यांचे उत्तर असे की, सायबेरियाकडून ध्रुवाजवळून ग्रीनलंडकडे बर्फाचा एक प्रवाह सतत वाहत असला पाहिजे. तो लेख फ्रिड्यॉफ नान्सेन या तेवीस वर्षांच्या तरुणाच्या वाचनात आला. नान्सेनचा विषय प्राणिशास्त्र. पण त्याच्या मनाने घेतले की जर विजार जाऊ शकते, तर जहाज का जाऊ नये? आजवर प्रत्येक दर्यावर्दी बर्फाशी झुंजला आणि हरला. आपण बर्फाच्या खांद्यावर बसून जावे.

जाणत्यांनी त्याला वेड्यात काढले. ध्रुवप्रदेशाचा भयंकर अनुभव गाठीशी असलेले अमेरिकेचे ग्रीली यांनी तर हा सरळसरळ आत्मनाशाचा बेत आहे अशा अर्थाचे लिहिले. परंतु नान्सेनने कॉलिन आर्चर या जहाजबांधणाऱ्याकडून 'फ्राम' बांधून घेतले. फ्राम म्हणजे 'पुढे'. त्याची कूस अशी गोलाकार आणि गुळगुळीत होती की, बर्फ दोन्ही बाजूंनी दाबू लागला म्हणजे चिमटीतून चिंचोका निसटावा तसे ते वर उचलले जावे. त्यात पाच वर्षांचे अन्न होते, ग्रंथालय होते आणि पवनचक्कीवर चालणारे विजेचे दिवेही होते.

२४ जून १८९३ रोजी तेरा माणसे घेऊन फ्राम निघाले आणि सप्टेंबरात सायबेरियाच्या उत्तरेस मुद्दाम बर्फात रुतवून घेण्यात आले. आता ही विजारीची परीक्षा होती. एका कागदी अनुमानावर तेरा जीव लावलेले! सुरुवातीला जहाज उलटे, दक्षिणेकडे सरकू लागले. नंतर नागमोडी वळणे घेत, दोन पावले पुढे आणि एक पाऊल मागे, असे ते वायव्येकडे निघाले. जहाज ध्रुवाला लागणार नाही असे दिसताच मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि योहान्सेन कुत्र्यांच्या गाड्या घेऊन पायी निघाले. ८६ अंश १४ कलांपर्यंत ते पोचले. तोवर इतक्या उत्तरेला कोणीही गेले नव्हते. मात्र ते उत्तरेकडे चालत असताना पायाखालचा बर्फ दक्षिणेकडे वाहत होता. परतीच्या वाटेवर एक सबंध हिवाळा त्यांनी फ्रान्झ योझेफ भूमीवर, वॉलरसच्या कातड्याचे छप्पर घातलेल्या दगडी खोपट्यात अस्वलाच्या मांसावर काढला.

१३ ऑगस्ट १८९६ रोजी नान्सेन नॉर्वेच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच दिवशी फ्राम स्पिट्सबर्गेनजवळ बर्फातून मोकळे झाले. मोन यांचे अनुमान खरे ठरले होते आणि तेराच्या तेरा माणसे जिवंत परत आली होती.

वाऱ्याच्या उजवीकडे

धाडसाची ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. पण फ्रामने आणलेली खरी संपत्ती होती तिच्या नोंदवह्यांत. ध्रुवसमुद्र उथळ असावा अशी तेव्हा समजूत होती. फ्रामवरची खोली मोजण्याची दोरी तळाला लागेना, तेव्हा त्या मंडळींनी जहाजाचा एक पोलादी दोर उकलून त्याच्या तारांची हजारो मीटर लांब दोरी वळली. समुद्र साडेतीन हजार मीटरहूनही खोल निघाला. पाण्याचे तापमान मोजले तेव्हा दुसरे नवल दिसले. वर गोठणबिंदूला टेकलेले गार, कमी खारट पाणी. पण दोनशे-एक मीटर खाली गेले की शून्य अंशाहून उबदार, जास्त खारट पाणी! हे पाणी अटलांटिक महासागराचे. नॉर्वेच्या किनाऱ्याने ते उत्तरेला येते, खारटपणाने जड असल्याने वरच्या हलक्या पाण्याखाली शिरते आणि साऱ्या ध्रुवसमुद्रात पसरते. बर्फाच्या सायीखाली विस्तवाची एक बंद शेगडी ठेवलेली आहे, आणि मध्ये गोड्या पाण्याचे झाकण आहे म्हणूनच साय टिकून आहे, असा याचा अर्थ.

तिसरी गोष्ट नान्सेनच्या बारीक नजरेने टिपली. वारा ज्या दिशेला वाहतो, त्या दिशेला बर्फ नेमका जात नाही; तो वीस ते चाळीस अंश उजवीकडे कलतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्याचा हा परिणाम असावा असे त्याने ताडले. गणिताचे काम वाल्फ्रिड एकमान या स्वीडिश विद्यार्थ्याकडे आले. वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर उजवीकडे कलतो. तो आपल्या खालच्या थराला ओढतो, तो आणखी उजवीकडे आणि आणखी मंद. असे खाली खाली जिन्यासारखे वळण तयार होते, हे एकमान यांनी समीकरणांनी दाखवले. १९०५ साली त्यांचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. आजही कोणतेही सागरी प्रतिमान या 'एकमान वळणा'शिवाय उभे राहत नाही.

बर्फाची गोधडी

आता हा बर्फ बनतो कसा ते पाहू. ज्यांनी सुट्टीत लाकडी पॉट फिरवून घरी आइस्क्रीम केले असेल, त्यांना बर्फात मीठ का घालतात हे सांगायला नको. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. समुद्राचे पाणी शून्याला गोठत नाही. त्याला उणे १.८ अंशांपर्यंत खाली जावे लागते. आणि गोठताना ते मीठ बाहेर टाकते. हे मीठ खालच्या पाण्यात उतरते, ते पाणी जड होऊन बुडते. उत्तरेकडच्या काही समुद्रांत असे गार, खारट पाणी तळाकडे जाते आणि त्याची जागा घ्यायला दक्षिणेकडून उबदार पाणी येते. युरोपच्या वायव्य किनाऱ्याचा हिवाळा सौम्य राहण्यात या फिरत्या रहाटाचा वाटा आहे. रशियाचे मुर्मान्स्क बंदर जवळजवळ ६९ अंश उत्तरेला असूनही हिवाळ्यात गोठत नाही, ते या उबदार प्रवाहामुळेच.

एकदा थर धरला की बर्फ स्वतःच समुद्राची गोधडी होतो. वरची उणे तीस अंशांची हवा आणि खालचे उणे १.८ अंशांचे पाणी यांच्यामध्ये तो पडतो आणि उष्णता अडवतो. म्हणून बर्फ जसजसा जाड होतो तसतसा तो सावकाश वाढतो. व्हिएन्नाचे पदार्थवैज्ञानिक योझेफ स्टेफान यांनी १८९१ च्या सुमारास ध्रुवमोहिमांची मोजमापे घेऊन याचे गणित बसवले: जाडी दुप्पट व्हायला थंडी चौपट लागते. बर्फाचे पहिले गणिती प्रतिमान म्हणतात ते हेच. कागदाच्या एका पानावर मावणारे.

परंतु गोधडी म्हटली की ती कुठेतरी उसवणारच. वारा आणि प्रवाह बर्फाला ओढतात, त्याला लांबच लांब भेगा पडतात आणि उघडे पाणी दिसू लागते. हिवाळ्यात अशा भेगेतून जाड बर्फाच्या मानाने शंभर पटींच्या घरात उष्णता निघून जाते. भेगांनी व्यापलेली जागा शेकडा दोन-चार टक्केच असली, तरी साऱ्या समुद्राच्या उष्णतेच्या जमाखर्चात त्यांचा आकडा मोठा असतो.

उन्हाळ्यात हिशेब उलटा होतो. ताज्या हिमाने झाकलेला बर्फ सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परत पाठवतो. उघडे काळे पाणी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग गिळून टाकते. पांढरे धोतर आणि काळा कोट यांतला फरक चैत्रात कोर्टाची पायरी चढणाऱ्या वकिलाला विचारावा! थोडा बर्फ वितळला की पाणी उघडे पडते, ते तापते, त्याने आणखी बर्फ वितळतो. चक्रवाढ व्याजासारखी ही गोष्ट आहे. १९७९ ते २०२१ या काळात ध्रुवप्रदेश साऱ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे मोजमापांवरून दिसते. त्याची कारणे अनेक असली, तरी हे व्याज त्यांतले एक मुख्य कारण आहे.

ठिपक्यांची रांगोळी

इतके सारे नियम ठाऊक असल्यावर भविष्य सांगायला हरकत कोणती? आपले पंचांगकर्ते पुढच्या ग्रहणाची वेळ मिनिटामिनिटाने सांगतात. पण ग्रहणात गाठ तिघांचीच असते, सूर्य, चंद्र आणि पृथ्वी. समुद्रात पाण्याचा प्रत्येक थेंब आपल्या शेजाऱ्याला ढकलत असतो. सगळ्या थेंबांची कुंडली कोण मांडणार?

यावर उपाय निघाला तो आपल्या अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखा. आधी समुद्रावर आणि हवेत, आडवे-उभे आणि वर-खाली, ठराविक अंतरावर ठिपके मांडायचे. प्रत्येक ठिपक्यावर तापमान, खारटपणा, प्रवाह, बर्फाची जाडी असे आकडे ठेवायचे. मग शेजारच्या ठिपक्यांकडे पाहून, थोड्या वेळाने या ठिपक्याचे काय होईल ते भौतिकीच्या नियमांनी काढायचे. सगळे ठिपके झाले की घड्याळ थोडे पुढे सरकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. गणिती प्रतिमान म्हणजे हेच.

ही कल्पना नॉर्वेच्या विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९०४ मध्ये मांडली. एकमान यांचे गुरू ते हेच. ती हाताने करून पाहण्याचे धाडस केले लुई रिचर्डसन या इंग्रज गृहस्थांनी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना वाहणारी गाडी चालवता चालवता, फावल्या वेळात त्यांनी १९१० सालच्या एका दिवसाच्या सहा तासांचे हवामान गणिताने काढले. हस्तलिखित लढाईच्या धामधुमीत हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले! उत्तर साफ चुकले होते. हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारांनी वाढेल असे गणित म्हणत होते. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. तरीही रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये ते चुकलेले गणित प्रामाणिकपणे छापले आणि चौसष्ट हजार माणसे एका प्रचंड सभागृहात बसून साऱ्या पृथ्वीचे हवामान मोजत आहेत, असे स्वप्न वाचकांपुढे ठेवले. १९५० मध्ये 'एनियाक' या अमेरिकन गणकयंत्राने हवामानाचे पहिले यशस्वी गणित केले. चौसष्ट हजार माणसांची गरज संपली.

समुद्र आणि हवा यांची गाठ मारण्याचे काम प्रिन्स्टन येथे झाले. जपानहून अमेरिकेत आलेले स्युकुरो मानाबे हवेचे प्रतिमान करीत होते, तर कर्क ब्रायन समुद्राचे. १९६९ मध्ये दोघांनी मिळून हवा आणि समुद्र यांचे पहिले एकत्रित प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यातली पृथ्वी खऱ्या नकाशाची नव्हती. काही जमीन, काही पाणी असा सोपा केलेला तुकडा होता. तरीही मूळ गोष्टी त्यात उमटल्या. १९८० मध्ये मानाबे आणि रोनाल्ड स्टाउफर यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड चौपट केल्यास काय होईल ते काढले, तेव्हा सर्वांत जास्त तापमानवाढ दिसली ती उत्तर ध्रुवाभोवती. त्या वेळी उपग्रहांच्या सलग नोंदी सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. प्रत्यक्ष घडण्याआधी गणिताने दिलेली ही सूचना होती. २०२१ मध्ये मानाबे यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

बर्फाचे गणित मात्र अधिक चिवट निघाले. पाणी वाहते, दगड वाहत नाही, बर्फाचे काय? मुंबईच्या गर्दीची उपमा इथे चपखल बसते. फलाटावर माणसे विरळ असली की प्रत्येक जण मोकळा चालतो. दाटी झाली की सगळे एकमेकांना अडतात, आणि मागून रेटा आला की कोणी कोणाच्या अंगावर चढते. विरळ बर्फ असाच मोकळा वाहतो. दाट झाला की अडतो. आणि रेटा सोसेनासा झाला की फुटून एकावर एक चढतो व त्याच्या उंच वरंब्यांच्या रांगा तयार होतात. विल्यम हिबलर यांनी १९७९ मध्ये हा स्वभाव समीकरणांत बांधला. आजच्या अनेक प्रतिमानांतला बर्फ अजून हिबलर यांच्या नियमांनी किंवा त्यांच्या वंशजांनी चालतो.

आणखी एक गमतीची अडचण. पृथ्वीच्या नकाशावरील रेखांशाच्या सगळ्या रेघा ध्रुवाकडे जाऊन एका बिंदूत मिळतात. तिथे रांगोळीचे ठिपके एकमेकांवर इतके दाटतात की गणित अडून बसते. यावर तोड अशी निघाली की, गणितापुरता उत्तर ध्रुव समुद्रातून उचलायचा, त्याचे दोन तुकडे करायचे आणि एक सायबेरियाच्या, दुसरा कॅनडाच्या भूमीवर ठेवून द्यायचा! समुद्राच्या गणिताला जमिनीशी कर्तव्य नसते. तिथे ठिपके कितीही दाटले तरी बिघडत नाही. नान्सेनला जो ध्रुव पायांनी गाठता आला नाही, तो गणित्यांनी खिशात घालून दुसरीकडे नेला.

कुंडली चुकते तेव्हा

या कुंडलीवर विश्वास कितपत ठेवावा? प्रश्न रास्त आहे. आणि त्याचे उत्तर पाहताना आनंद होण्याऐवजी काळजीच वाटते.

१९८० च्या दशकात दर सप्टेंबरला सत्तर लाख चौरस किलोमीटरच्या आसपास बर्फ उरत असे. पुढे तो घटेल, असे सगळी प्रतिमाने सांगत होती. पण २००७ च्या सप्टेंबरात तो एकदम सुमारे बेचाळीस लाखांवर आला. बहुतेक प्रतिमानांनी ही घट पुष्कळ नंतर दाखवली होती. दिशा बरोबर होती, पण घोडा गणितापेक्षा वेगाने धावत होता. २०१२ मध्ये तर चौतीस लाखच उरला, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून थोडासा अधिक. मात्र त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ हा नीचांक मोडला गेला नाही. वाऱ्यांच्या लहरी मूळ घसरणीवर अशा लाटा उठवतात. एकाच सालाकडे बोट दाखवून 'पाहा, आता संपले' म्हणणारा चुकतो, आणि 'पाहा, थांबले' म्हणणाराही चुकतो.

चूक होते कुठे? ठिपक्यांच्या मधल्या जागेत. पुष्कळ प्रतिमानांत समुद्रावरचे दोन ठिपके शंभर-एक किलोमीटर अंतरावर असतात. ध्रुवसमुद्रातले भोवरे मात्र दहा किलोमीटरांच्या आतबाहेरचे, भेगा त्याहून अरुंद, आणि बर्फावर साचणारी पाण्याची डबकी तर अंगणाएवढी. या साऱ्यांचा परिणाम अंदाजाने धरावा लागतो. ठिपके जवळ आणावेत तर काम भराभर वाढते. अंतर निम्मे केले की काम सुमारे आठपट. शिवाय बर्फाची जाडी मोजणेही कठीण. उपग्रहाला पाण्याच्या वर आलेला भागच मोजता येतो, आणि तो असतो एकूण जाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. वर बोटभर चूक झाली तर उत्तरात हातभर होते.

म्हणून माणसाला पुन्हा तिथे जावेच लागते. रशियाच्या इवान पापानिन आणि त्यांच्या तीन सोबत्यांनी १९३७-३८ मध्ये नऊ महिने एका हिमखंडावर तंबू ठोकून मोजमापे केली. शेवटी तो खंड ग्रीनलंडजवळ फुटत आला तेव्हा बर्फफोड्या जहाजांनी त्यांना उचलले. २००६ मध्ये 'तारा' नावाचे फ्रेंच जहाज फ्रामच्याच वाटेवर बर्फात रुतवण्यात आले. ज्या प्रवासाला फ्रामला जवळजवळ तीन वर्षे लागली, तो ताराने सुमारे पाचशे दिवसांत संपवला. वाटेत कोणी शीड उभारले नव्हते. बर्फच पातळ झाला होता, विस्कळीत झाला होता आणि वाऱ्याबरोबर धावत होता. सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर एक समुद्र किती बदलला, याची याहून साधी मोजणी दुसरी नाही.

त्यानंतरची सर्वांत मोठी मोहीम 'मोझाइक'. सप्टेंबर २०१९ मध्ये जर्मनीचे 'पोलारस्टर्न' हे जहाज नॉर्वेच्या ट्रॉम्सोहून निघाले आणि ऑक्टोबरमध्ये एका हिमखंडाला जखडले. वीस देशांचे शास्त्रज्ञ पाळीपाळीने त्यावर राहिले. अस्वलांवर पहारा ठेवून, ध्रुवरात्रीच्या अंधारात हिम, बर्फ, पाणी आणि हवा यांची एकाच जागी सबंध वर्षभर मोजणी केली. मध्येच करोनाची साथ आली आणि माणसांची अदलाबदल करण्यासाठी जहाजाला बर्फ सोडून काही आठवडे बाहेर यावे लागले. जुलैअखेर तो हिमखंडही फुटला. पण ऑक्टोबर २०२० मध्ये जहाज परतले ते प्रतिमानांच्या मधल्या जागा भरणारी आकड्यांची शिदोरी घेऊनच. ज्या समुद्रात नान्सेनने आपला अंदाज तपासला, त्याच समुद्रात गणकयंत्रांचे अंदाज तपासले जात आहेत.

आता ही गणिते काय सांगतात? २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाने जगभरच्या प्रतिमानांचा मेळ घालून निष्कर्ष काढला की, २०५० च्या आत एखाद्या तरी सप्टेंबरात ध्रुवसमुद्र जवळजवळ बर्फहीन होणे संभवते. बर्फहीन म्हणजे दहा लाख चौरस किलोमीटरहून कमी बर्फ. अटलांटिकमधला पाण्याचा रहाट या शतकात मंदावेल, हेही त्यांना फार संभाव्य वाटते. तो किती मंदावेल याविषयी मात्र प्रतिमानांत एकवाक्यता नाही. नॉर्वेच्या उत्तरेचा बॅरेंट्स समुद्र तर हिवाळ्यातही उघडा पडू लागला आहे. तिथे अटलांटिकचे उबदार पाणी पुढे सरकत आहे, त्याच्याबरोबर कॉड मासा उत्तरेला चालला आहे, आणि बर्फाच्या कडेवर जगणारे जीव मागे हटत आहेत.

गोव्याचा आणि पुण्याचा संबंध

'ध्रुवावरचा बर्फ वितळला तर मुंबई बुडेल का?' असे पुष्कळदा विचारले जाते. तरंगणारा समुद्रबर्फ वितळल्याने पाण्याची पातळी जवळजवळ वाढत नाही. सरबतातला बर्फ विरघळला म्हणून पेला उतू जात नाही. पण ग्रीनलंडच्या भूमीवर जो बर्फाचा डोंगर आहे, त्याची गोष्ट निराळी. तो सगळा वितळला तर जगातील समुद्र सुमारे सात मीटर वर येईल. त्याला शतके लागतील, पण वितळण्यास आरंभ झालेला आहे. आणि त्याच्या शेजारचा समुद्र उघडा आणि उबदार झाला, तर त्याचे रक्षण कोण करणार?

पावसाचा संबंध अधिक सूक्ष्म आहे. भारताच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्येच हिमालयातील हिम आणि आपला मान्सून यांचे नाते दाखवण्याचा प्रयत्न केला होता. उत्तरेतला समुद्रबर्फ आणि मान्सूनच्या अखेरीस आपल्याकडे कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस यांत काही धागा असावा, अशी शक्यता २०२१ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी मांडली. तो धागा अजून पक्का झालेला नाही, परंतु शोध चालू आहे.

आणि तो शोध आपल्या घराजवळ चालला आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. भारताच्या ध्रुवसंशोधनाचे मुख्य केंद्र आहे गोव्यात, वास्को-द-गामा येथे. माडांच्या सावलीत बसून बर्फाचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेमार्फत स्वालबार्ड बेटांवर, ७९ अंश उत्तरेला, २००८ पासून 'हिमाद्री' हे भारतीय ठाणे चालते. जवळच्या काँग्सफ्योर्ड खाडीत जुलै २०१४ मध्ये भारतीयांनी 'इंडआर्क' नावाची उपकरणांची माळ पाण्यात सोडली. १९२ मीटर खोल पाण्यात ती तापमान, खारटपणा आणि प्रवाह टिपत राहिली. नान्सेनला चकित करणारे ते अटलांटिकचे उबदार पाणी या खाडीत केव्हा शिरते, किती शिरते, याची नोंद त्यामुळे झाली. पूर्वी दर हिवाळ्यात गोठणारी ही खाडी २००६ पासून बहुतेक हिवाळ्यांत पहिल्यासारखी गोठत नाही.

दुसरे ठिकाण पुण्यातले, पाषाणचे. तेथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने हवा, समुद्र, जमीन आणि समुद्रबर्फ यांचे एकत्रित प्रतिमान तयार केले आणि २०२१ च्या त्या जागतिक अहवालासाठी झालेल्या तुलनेत भारताचे असे पहिलेच प्रतिमान म्हणून ते सामील झाले. मान्सून समजून घेण्यासाठी हा खटाटोप होता. पण मान्सूनची रांगोळी पुरी करायची, तर ध्रुवापर्यंतचे सगळे ठिपके मांडावेच लागतात. एक कोपरा रिकामा ठेवून चालत नाही. त्यामुळे पाषाणच्या गणकयंत्रांतही उत्तर समुद्राचा बर्फ दर हिवाळ्यात गोठतो आणि दर उन्हाळ्यात वितळतो.

एका विजारीवरून मोन यांनी अनुमान केले आणि ते पडताळायला तेरा माणसांना तीन वर्षे अंधारात आणि थंडीत काढावी लागली. आजचे अनुमान त्याहून पुष्कळ मोठे आहे, आणि त्यावर लागलेले जीवही तेरा नाहीत. फरक एवढाच की, तेव्हा बर्फाने आपली वाट बदलली नव्हती, म्हणून अनुमान खरे ठरताच सर्वांना आनंद झाला. या खेपेस ज्यांनी ही गणिते मांडली, त्यांच्याच मनात आपली कुंडली खोटी ठरावी अशी इच्छा आहे. ती खोटी ठरवणे मात्र ग्रहांच्या हाती नाही. किती कोळसा आणि किती तेल जाळायचे, हा त्या गणितातला एक आकडा आहे; आणि तो आकडा माणसाने भरायचा आहे.